दोन ट्रान्सफॉर्मर पॅरेलल चालवायचे का? गोव्यातल्या मासळी-प्रक्रिया कारखान्याचं एक प्रकरण

सासष्टी तालुक्यातला, मासळी गोठवून बाहेर पाठवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. कुटबण आणि मालीमच्या जेट्यांवरून मासळी येते, ती साफ होते, प्लेट फ्रीझरमध्ये गोठते आणि शीतगृहात जाते. अमोनियाचे स्क्रू कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू. कारखान्याची ओळख इथे काढून टाकली आहे आणि आकडे हिशेब डोक्यात बसावा म्हणून थोडे गोल केले आहेत. हिशेबाची पद्धत मात्र कुठल्याही ११ केव्ही (११००० व्होल्ट) ग्राहकाला जशीच्या तशी लागू पडते.

कारखान्यात १००० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे क्षमतेचं माप) एकच ट्रान्सफॉर्मर होता: ११०००/४३३ व्होल्ट, डीवायएन११ (आतली वाइंडिंग कशी जोडली आहेत त्याची खूण, म्हणजे व्हेक्टर ग्रुप), इम्पीडन्स (आतला अडथळा) ५ टक्के. त्याला इथे ‘थोरला’ म्हणू. हंगामातली कमाल मागणी ७८० केव्हीएपर्यंत जायची. पुढच्या हंगामासाठी २५० किलोवॅटचा नवा कॉम्प्रेसर आणि सुटी कोळंबी गोठवणारी नवी लाइन येणार होती. सगळं धरून कमाल मागणी ११८० केव्हीए निघाली, म्हणजे थोरला एकटा पुरणार नाही हे उघड होतं. मालकांच्या दुसऱ्या, बंद पडलेल्या युनिटात ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर १४ महिने नुसता उभा होता. व्होल्टेज तेच, डीवायएन११, इम्पीडन्स ४.५ टक्के. तो ‘धाकटा’. प्रस्ताव सरळ होता: धाकटा आणायचा, ११ केव्हीच्या त्याच फीडरवर (वीज आणणाऱ्या लाइनवर) जोडायचा आणि दोघांची एलटी (४३३ व्होल्टची) बाजू एकाच बसबारवर (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) द्यायची, म्हणजेच दोघे पॅरेलल चालवायचे.

प्रस्तावामागे तीन कारणं होती. लोड वाढलंय. एक बंद पडला तर दुसरा आहेच. आणि ट्रान्सफॉर्मर घरचाच आहे. पहिलं कारण खरं, तिसरं निम्मं खरं. दुसरं तपासायला बसल्यावर सगळं प्रकरणच उलटं फिरलं.

नेमप्लेट जुळते, पण टॅप कुठे आहे?

पॅरेलल चालवायच्या अटी वायरमनच्या परीक्षेतही विचारतात. फेज सीक्वेन्स आणि व्हेक्टर ग्रुपचा घड्याळ-आकडा (डीवायएन११ मधला ११) जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. व्होल्टेज रेशो (दोन बाजूंच्या व्होल्टेजचं प्रमाण) आणि टक्केवारी इम्पीडन्स जवळपास जुळायला हवेत, आणि दोघांच्या केव्हीएचं प्रमाण साधारण ३:१ च्या आत हवं. कागदावर इथे सगळं जुळत होतं.

पण नेमप्लेट म्हणजे ट्रान्सफॉर्मरची आजची प्रकृती नव्हे. धाकट्याची रेशो टेस्ट घेतली तेव्हा टॅप स्विचचा (हे प्रमाण थोडं कमी-जास्त करणाऱ्या स्विचचा) हँडल ३ वर, म्हणजे नॉर्मल टॅपवर होता. डेल्टा-स्टार जोडणीत एचटीचं (११ केव्ही बाजूचं) लाइन व्होल्टेज भागिले एलटीचं फेज व्होल्टेज, म्हणजे ११०००/२५० = ४४.० असा आकडा यायला हवा. आला ४२.९, आणि तोही तिन्ही फेजला. ४२.९ म्हणजे १०७२५/२५०, अर्थात टॅप ४. कधीतरी हँडल काढून परत बसवताना तो एक घर सरकवून बसवला गेला होता. बाहेरची खूण ३ दाखवत होती, आतला संपर्क ४ वर होता. हँडल काढून योग्य खाचेत बसवला, पाचही टॅपवर रीडिंग घेतलं: ४६.२, ४५.१, ४४.०, ४२.९, ४१.८. मगच पुढे.

ही टेस्ट टाळली असती तर काय झालं असतं, त्याचा हिशेब दोन ओळींचा आहे. थोरल्याचं इम्पीडन्स एलटी बाजूने ०.००९४ ओहम, धाकट्याचं ०.०१३४ ओहम. एका टॅपचा फरक २.५ टक्के, म्हणजे फेजला ६.२५ व्होल्ट. ६.२५ भागिले ०.०२२८, म्हणजे सुमारे २७५ अँपिअर. कारखान्यात एक दिवाही लागलेला नसताना एवढा करंट दोघांत नुसता फिरत राहिला असता. धाकट्याचा फुल लोड करंट ८४० अँपिअर. त्याचा तिसरा हिस्सा असा फुकट गेला असता, आणि हंगामाच्या ऐन भरात धाकटा का तापतो याचा शोध सगळे तेलात घेत बसले असते. आयएस २०२६ या भारतीय मानकात रेशोसाठी ०.५ टक्के किंवा इम्पीडन्सच्या टक्केवारीचा दहावा भाग, यातली जी कमी असेल तेवढीच सूट आहे, ती उगाच नाही.

इम्पीडन्सच्या बाबतीतही नेमप्लेटवरचा किंवा टेस्ट सर्टिफिकेटवरचा मोजलेला आकडा घ्यावा, खरेदीच्या ऑर्डरमधला नाही. मानकच १० टक्क्यांची सूट देतं. ‘४.५’ म्हणून मागवलेला ट्रान्सफॉर्मर ४.२ चा निघू शकतो.

तेलाचं म्हणाल तर, दोन पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरकडून जी अपेक्षा असते तेच सापडलं. ब्रीदरमधलं (ट्रान्सफॉर्मर जिथून हवा घेतो तिथलं) सिलिका जेल ओलाव्याने पूर्ण गुलाबी, तेलाचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते तो आकडा) २४ केव्ही. वापरातल्या तेलाला निदान ३० हवा. फिल्टर करून तो ५२ वर आणला. मेगर (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावताना एक काळजी: किनाऱ्याजवळ बुशिंगवर खारट, ओलसर थर बसतो. तो न पुसता घेतलेलं रीडिंग वाइंडिंगचं नसून बुशिंगच्या पृष्ठभागाचं असतं. इथे बुशिंग कोरड्या फडक्याने पुसल्यावर रीडिंग कित्येक पट वाढलं.

लोड कसं वाटलं जातं

दोन ट्रान्सफॉर्मर एका बसबारवर आले की लोड केव्हीएच्या प्रमाणात वाटलं जात नाही. ते केव्हीए भागिले टक्केवारी इम्पीडन्स या प्रमाणात वाटलं जातं. थोरला १०००/५ = २००. धाकटा ६३०/४.५ = १४०. म्हणजे एकूण लोडच्या ५८.८ टक्के थोरल्यावर आणि ४१.२ टक्के धाकट्यावर. धाकटा ६३० वर पोचतो तेव्हा एकूण लोड १५३० झालेलं असतं आणि थोरला ९०० वरच असतो. दोघांची बेरीज १६३०, हातात पडणार १५३०. इम्पीडन्स ज्याचं कमी तो आधी भरतो. लहान ट्रान्सफॉर्मरचं इम्पीडन्स कमी असणं ही नेहमीची गोष्ट असल्याने लहानच आधी भरतो.

इथे जागेच्या अडचणीने मात्र मदत केली. थोरल्याच्या यार्डात जागा नव्हती, म्हणून धाकटा ४५ मीटरवर बसणार होता, ३०० चौरस मिमी अॅल्युमिनियमच्या साडेतीन कोअर केबलच्या चार रनवर. त्या केबलचं इम्पीडन्स सुमारे ०.००१६ ओहम. ते धाकट्याच्या वाट्याला धरलं की वाटणी ६१.६ आणि ३८.४ टक्के होते, म्हणजे केव्हीएच्या प्रमाणाला जवळजवळ चिकटून. हातात पडणारी क्षमता १६२० च्या आसपास. यार्ड लहान निघालं ते पथ्यावरच पडलं. एरवी लांब केबल म्हणजे खर्च आणि लॉस. पण पॅरेललच्या हिशेबात केबल विसरणं ही चूक, मग ती फायद्याची असो की तोट्याची.

११८० च्या लोडला ही वाटणी आरामात पुरते. इथवर पाहिलं तर प्रस्ताव पास. बरेच अहवाल इथेच संपतात.

शॉर्ट सर्किट: खरी अडचण

पॅरेलल केल्याने ट्रान्सफॉर्मरला सहसा काही होत नाही. होतं ते पॅनेलला.

वीज खात्याकडून ११ केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झाल्यास लाइन किती जोर देऊ शकते तो आकडा) लेखी मागवावी. अनंत धरली तर उत्तर सुरक्षित पण महागडं येतं. इथे १५० एमव्हीए धरली. त्या हिशेबाने एकट्या थोरल्यावर मुख्य बसबारला शॉर्ट झाला तर २३.५ किलोअँपिअर. चालू असलेल्या मोटरी शॉर्टच्या पहिल्या क्षणांत उलट करंट देतात, त्यांचे अंदाजे ३.६ धरले की २७. दोघे पॅरेलल असताना, केबल धरूनही, ३५.६ अधिक ३.६, म्हणजे ३९ किलोअँपिअर.

आता पॅनेल. बसबार ३५ किलोअँपिअर, १ सेकंद. पॅनेलमधून यंत्रांकडे जाणाऱ्या फीडरांचे बहुतेक एमसीसीबी (ब्रेकर) ३६ चे. नंतर वेळोवेळी वाढवलेले तीन फीडर २५ चे, कारण त्या वेळी तेच दुकानात मिळाले. ३९ समोर यातलं काहीच टिकत नाही. बसबारच्या आधारांवरचा जोर करंटच्या वर्गाने वाढतो: २७ वरून ३९ म्हणजे जोर दुपटीहून थोडा जास्त. ज्या पॅनेलने आजवर एखादा शॉर्ट सोसला असेल, त्याने पुढचा सोसलाच पाहिजे असं नाही.

केबलचंही तसंच. एक्सएलपीई इन्सुलेशनच्या अॅल्युमिनियमला एका सेकंदासाठी चौरस मिमीला ९४ अँपिअर धरतात. ३५ चौरस मिमीच्या फीडरला म्हणजे ३.२९ किलोअँपिअर. २७ ला ती केबल सुमारे १५ मिलिसेकंद टिकते, ३९ ला ७. साधा एमसीसीबी अर्ध्या सायकलीच्या, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या आसपास तोडतो. म्हणजे आज जेमतेम वाचणारी केबल पॅरेललनंतर वाचणार नाही. करंट-लिमिटिंग जातीचा ब्रेकर घातला तर गोष्ट वेगळी.

जाता जाता एक जुनं दुखणं उघडं पडलं. २५ चे ते तीन ब्रेकर आजच्या २७ लाही अपुरे आहेत. पॅरेलल करा किंवा करू नका, ते बदलायलाच हवेत.

म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर घरचाच आहे’ हे निम्मंच खरं. पॅरेलल करायचं तर ५० किलोअँपिअरचं नवं मुख्य पॅनेल, त्यातले सगळे ब्रेकर आणि काही केबल बदलाव्या लागणार. फुकटच्या ट्रान्सफॉर्मरच्या मागे हा खर्च येतो.

‘एक गेला तर दुसरा आहेच’

ऐन हंगामात ११८० लोड आहे. थोरला ट्रिप झाला. त्या क्षणी सगळं लोड धाकट्यावर येतं: ११८० केव्हीए, म्हणजे १५७३ अँपिअर. त्याची क्षमता ८४० अँपिअर. १८७ टक्के. त्याचा एसीबी (एलटी बाजूचा मुख्य ब्रेकर) ८४० ला सेट असेल तर थोड्याच वेळात तोही जातो. कारखाना पूर्ण अंधारात, अमोनियाचे सगळे कॉम्प्रेसर एकदम बंद, आणि आता दोन ट्रान्सफॉर्मर तपासायचे. ‘दुसरा आहेच’ हे तेव्हाच खरं, जेव्हा दुसरा एकटा सगळं लोड उचलू शकतो, किंवा लोड आपोआप कमी करणारी यंत्रणा त्याच्या ट्रिपपेक्षा चपळ असते. इथे यातलं काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट, दोघांचा ११ केव्ही फीडर एकच. पावसाळ्यात माडाची झावळी किंवा झाडाची फांदी लाइनवर पडली, वीज कडाडली, तर फीडर जातो आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर सोबतच जातात. त्या आजारावर औषध डीजी (डिझेल जनरेटर) सेट. पॅरेलल नाही.

मग कारखान्याला नेमकं किती वेळ विजेविना राहता येतं? हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा असतो, पण तो शेवटी सुचतो. दार बंद असलेलं उणे १८ अंशांचं शीतगृह काही तास तग धरतं. प्लेट फ्रीझरमध्ये अर्धवट गोठलेली मासळी तेवढी धरत नाही, तरी दहा-पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही. कॉम्प्रेसरला तसंही पुन्हा सुरू व्हायला लुब्रिकेशन आणि टायमर पाळावे लागतात. म्हणजे पुरवठा एक क्षणही खंडित होऊ नये, ही इथली गरजच नाही. दहा मिनिटांत हाताने बदलता आलं तरी पुरे. पॅरेललचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे न अडखळणारा पुरवठा, इथे कोणी मागितलेलाच नव्हता.

उरला दुसरा गुण: मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज कमी पडतं ते सांभाळणं. २५० किलोवॅटचा कॉम्प्रेसर स्टार-डेल्टावर (कमी करंट घेऊन सुरू करणाऱ्या स्टार्टरवर) सुरू होताना सुमारे ९०० अँपिअर घेतो. थोरल्यावर व्होल्टेज ३.४ टक्के पडतं, केबलसह धाकट्यावर ५.४, पॅरेललवर २.१. तिन्ही चालण्यासारखे. कॉन्टॅक्टर (मोटरचा चुंबकी स्विच) सुटायला व्होल्टेज यापेक्षा खूपच खाली यावं लागतं. तो कॉम्प्रेसर थोरल्यावर ठेवला की विषय मिटला. हाच कॉम्प्रेसर डायरेक्ट सुरू होणारा असता, किंवा दोन्ही बसवरचं (दोघांना वेगळे बसबार दिले तर त्यांवरचं) लोड तासातासाला इकडून तिकडे हलत असतं, आणि पॅनेल आधीच ५० किलोअँपिअरचं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येकी सगळं लोड पेलण्याची ताकद असेल तिथे पॅरेलल चांगलंच.

लॉसचा मुद्दा पुन्हा पुन्हा निघतो म्हणून आकडे देऊन संपवू. टेस्ट सर्टिफिकेटप्रमाणे थोरल्याचा नो-लोड लॉस १.५ आणि फुल लोडचा ९.८ किलोवॅट, धाकट्याचा १.०५ आणि ७.२. लोड ५५५ केव्हीएच्या वर गेलं की दोघांवर वाटून चालवणं थोरल्या एकट्यापेक्षा किफायतशीर. पूर्ण हंगामी लोडला पॅरेलल आणि वेगळ्या बस यांच्यातला फरक ०.१२ किलोवॅट, म्हणजे एका मोठ्या दिव्याएवढा. यावरून निर्णय घेऊ नये.

पॅरेललमध्ये दडलेले आणखी दोन सापळे

बॅक-फीड. थोरला दुरुस्तीसाठी ११ केव्ही बाजूने बंद केला, पण त्याचा एलटी एसीबी चालूच राहिला, तर धाकटा बसबारवरून थोरल्याला उलटा चार्ज करतो आणि ‘बंद’ ट्रान्सफॉर्मरच्या एचटी बुशिंगवर ११००० व्होल्ट उभे राहतात. वर माणूस असतो. एचटीचा व्हीसीबी (११ केव्हीचा ब्रेकर) उघडला की एलटीचा एसीबी उघडलाच पाहिजे, असं इंटरट्रिप नसताना पॅरेलल करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. त्यातच एका ट्रान्सफॉर्मरच्या आत दोष झाला तर दुसरा एलटी बाजूने तो दोष पोसत राहतो. दोन्ही एसीबींवर साधा ओव्हरकरंट असेल तर दोघांना सारखाच करंट दिसतो आणि चांगलाही ट्रिप होऊ शकतो. तिथे दिशा ओळखणारा रिले (ब्रेकरला ट्रिपचा आदेश देणारं उपकरण) लागतो.

न्यूट्रल. दोन्ही ट्रान्सफॉर्मरांचे न्यूट्रल आपापल्या अर्थ पिटला बांधलेले, आणि इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून बसवर येणारे ब्रेकर) तीन-पोल असल्याने बसवर न्यूट्रल कायम जोडलेले. फेजचा करंट एका इनकमरमधून जातो, न्यूट्रलचा दोन वाटांनी परततो. बेरजेवर चालणाऱ्या अर्थ-फॉल्ट रिलेला हे गळतीसारखं दिसतं आणि तो कारण नसताना ट्रिप देतो. मग कोणीतरी वैतागून सेटिंग वर नेतं, आणि खरा अर्थ फॉल्ट झाल्यावर रिले झोपलेला असतो. वेगळ्या बस ठेवल्या तरी हा सापळा राहतो. म्हणून इनकमर आणि कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) चारही पोलांचे घ्यावे लागले. इथल्या जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मे मध्ये अर्थचा रेझिस्टन्स चांगलाच वर जातो, त्यामुळे पिट मोजायची ती उन्हाळ्यात. पावसाळ्यातलं सुंदर रीडिंग फाइलला शोभा देतं, एवढंच.

काय ठरलं

दोन ट्रान्सफॉर्मर, दोन बस, मध्ये नेहमी उघडा राहणारा बसकपलर.

‘अ’ बस थोरल्यावर: नवा २५० किलोवॅटचा आणि जुने १६० चे दोन कॉम्प्रेसर, कंडेन्सरचे पंप आणि पंखे. सुमारे ६९० केव्हीए, क्षमतेच्या ६९ टक्के. ‘ब’ बस धाकट्यावर: बर्फाचा ११० किलोवॅटचा कॉम्प्रेसर, नवी लाइन, प्लेट फ्रीझर, शीतगृहाचे पंखे, सांडपाणी प्रक्रिया, दिवे, ऑफिस. सुमारे ४९०, म्हणजे ७८ टक्के. ५०० केव्हीएचा जुना डीजी ‘ब’ बसवरच, धाकट्याच्या इनकमरशी चार-पोल चेंजओव्हरने बांधलेला.

थोरला गेला तर बर्फाचा कॉम्प्रेसर बंद करून कपलर लावायचा, आणि १६० चा एक कॉम्प्रेसर त्याच्या पंपांसह चालवायचा. धाकट्यावर साधारण ५९० येतात, चालतं. धाकटा गेला तर बर्फ आणि एक प्लेट फ्रीझर मिळून १८० केव्हीए कमी करायचे, उरलेले १००० थोरला पेलतो. कुठला फीडर आधी बंद करायचा याचा क्रम पॅनेलच्या दारावर आतून चिकटवलेला आहे, मराठीत आणि हिंदीत, कारण रात्रपाळीचे ऑपरेटर दोन्हीकडचे.

२५ किलोअँपिअरचे ते तीन फीडर सरळ ‘ब’ बसवर टाकावेत, असा मोह झाला होता. तिथे फॉल्ट लेव्हल मोटरी धरून १७ च्या आसपासच. पण थोरला कपलरमधून ‘ब’ बस चालवत असेल तेव्हा तिथेही २७ येणार. आणीबाणीतच अपुरा ठरणारा ब्रेकर काय कामाचा? तिन्ही बदलले, ३६ चे घातले. जुनं मुख्य पॅनेल मात्र वाचलं, कारण कुठल्याही जोडणीत दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकत्र येत नसल्याने ३५ ची मर्यादा ओलांडली जात नाही.

कंडेन्सर पॅनेलही दोन करावे लागले. एकाच एपीएफसीचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलचा) सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) थोरल्याच्या इनकमरवर राहिला असता तर ‘ब’ बसचा पॉवर फॅक्टर कोणी पाहिलाच नसता. गोव्यात एचटी ग्राहकाची मागणी केव्हीएमध्ये मोजतात, म्हणजे तिथला ढिसाळपणा थेट बिलात. शिवाय नव्या लाइनवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आहेत आणि ते पाचवा-सातवा हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पाच-सात पटीचा करंट) सोडतात. थोरल्यावरच्या ३०० केव्हीएआर कंडेन्सरचा रेझोनन्स (ट्रान्सफॉर्मरशी ताल जुळण्याचा बिंदू) ७.७ च्या आसपास येत होता, म्हणजे सातव्याच्या उंबरठ्यावर. दोन्हीकडे ७ टक्क्यांचे रिअॅक्टर घातले.

११ केव्ही बाजूला धाकट्याला स्वतंत्र व्हीसीबी दिला. जुन्याच व्हीसीबीवर दोघांना टांगलं असतं तर चार्ज करताना दोघांचा इनरश (सुरुवातीचा क्षणिक उसळता करंट) एकदम आला असता. फुल लोड करंट दोघांचा मिळून ८६ अँपिअर, त्याच्या ८ ते १२ पट. थोरल्यापुरता सेट केलेला इन्स्टंटेनियस रिले तो सोसत नाही. मीटरिंगचे ५०/५ चे सीटीही १००/५ करावे लागले, कारण ११८० केव्हीए म्हणजे ६२ अँपिअर. हा अर्ज करारातली मागणी वाढवण्याच्या अर्जासोबतच द्यावा. नंतर सुचला तर नवी यंत्रं बसून राहतात आणि सीटीची वाट पाहावी लागते. चार्ज करण्याआधी विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते, ती गृहीत धरूनच वेळापत्रक करावं.

वेळापत्रकाची गोम अशी की मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, कारखाना रिकामा तेव्हाच, आणि पाऊसही तेव्हाच. उघड्यावरच्या एचटी टर्मिनेशनला याहून वाईट महिने नाहीत. म्हणून फाउंडेशन, अर्थ पिट, केबल टाकणं आणि एचटीचे जोड एप्रिल-मे मध्ये उरकले. बंदीच्या काळासाठी पॅनेलमधलं आतलं काम, फीडर हलवणं आणि टेस्टिंग एवढंच ठेवलं.

बंदीत कारखान्याचं लोड २२० केव्हीएपर्यंत उतरतं. तेव्हा थोरल्यावरच दोन्ही बस चालतात, पण धाकटा ११ केव्ही बाजूने चार्ज ठेवतात, फक्त त्याचा एलटी ब्रेकर उघडा. ६१ दिवसांत १५०० युनिटच्या आसपास जातात. त्या बदल्यात तेल कोमट राहतं आणि ट्रान्सफॉर्मर पावसाळी हवा ओढत बसत नाही. त्या दोन महिन्यांत ब्रीदरचं जेल आठवड्याला बघायचं.

कपलर कधीच दोन जिवंत बसमध्ये लागणार नाही, तरी लावण्याआधी दोन्ही बाजूंची फेज तपासणी केली. स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर काही सेकंदांत आतून खराब होतो, आणि कपलरमधून सीक्वेन्स उलटा आला तर नेमकं तेच होणार. दोन्ही बस लोडविना चार्ज केल्या, न्यूट्रल जोडलेले आहेत याची खात्री केली, कारण त्याशिवाय व्होल्टमीटरला अर्थच नाही. मग उघड्या कपलरच्या दोन तोंडांमध्ये मोजलं. आर-आर ३ व्होल्ट, वाय-वाय २, बी-बी ३. आर-वाय ४३१. सारख्या फेजमध्ये २५० दिसले असते तर एकाचा व्हेक्टर ग्रुप ६० अंशांनी वेगळा, म्हणजे डीवायएन१ समजायचा. ४३० दिसले असते तर केबलच्या फेज कुठेतरी अदलाबदल झाल्या असत्या.

इंटरलॉक चावीचा आहे: तीन ब्रेकर, दोन चाव्या. दोन इनकमर आणि कपलर यातले कुठलेही दोनच एका वेळी लागू शकतात. कुलपांच्या संचाबरोबर येणारी तिसरी, जादा चावी पाकिटात सीलबंद करून कंत्राटदाराच्या समोर कारखाना व्यवस्थापकाच्या तिजोरीत गेली, आणि पॅनेलच्या नोंदवहीत तिचा क्रमांक लिहिला. ती चावी पॅनेलरूमच्या खिळ्यावर लटकलेली दिसली, तर ३९ किलोअँपिअरचा हिशेब पुन्हा लागू होतो.